उरलेला खडा

१

फायनलच्या शेवटच्या ओव्हरमधला सहावा बॉल चोरीला गेला.

चामड्याचा नव्हे. तो क्लबच्या कपाटात सुखरूप आहे. चोरीला गेला तो टाकायचा राहिलेला बॉल. पेंटर कप्तान असलेल्या संघाला जिंकायला दोन धावा हव्या होत्या, ओव्हरचे पाचच बॉल झाले होते, आणि बोलरच्या टोकाला उभ्या असलेल्या अंपायरने ‘ओव्हर’ म्हणून बेल्स उचलल्या. स्कोअरर ओरडत मैदानात धावला, पण तोवर समोरच्या संघाने आपल्या कप्तानाला, डॉक्टरला, खांद्यावर घेतलं होतं. सामना एका धावेने संपला, सीझनही संपला.

तो अंपायर म्हणजे माझा सख्खा दादा.

आता नियम असा आहे, आणि तो मला दादानेच हजारदा ऐकवलाय: अंपायरने मोजली ती ओव्हर. चुकीची मोजली तरी तीच. म्हणजे कप डॉक्टरकडेच राहणार, त्याबद्दल कुणाला काही करता येत नाही. मग लोकांनी राग काढायचा कुणावर? दादावर. “म्हातारा विकला गेला,” असं पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्या भाजीवालीलाही माहीत होतं. लीगच्या मंडळाने रविवारी बैठक ठेवली. दादाचा पांढरा कोट राहणार की जाणार, एवढाच विषय.

तुम्ही म्हणाल, कोट गेला तर गेला, म्हातारपणी उन्हात उभं राहायचं सुटलं. पण वहिनी गेल्यापासून या माणसाच्या घरात दुसरं आहे काय? आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासल्या, निवृत्त झाला, बायको गेली. उरला तो कोट. स्वतः धुतो, स्वतः इस्त्री करतो, मला हात लावू देत नाही. आणि त्या दिवशी मी गेले तर तो कोट खुर्चीवर बोळा करून टाकलेला. मला पाहून दादा म्हणाला, “मी चुकलो. विषय संपला.” आणि आत जाऊन पडला.

मी चाळीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. जळालेली दुकानं, बुडालेला माल, चोरीला गेलेले आणि कधी नसलेलेच दागिने. माणूस “विषय संपला” म्हणाला की माझे कान टवकारतात, त्याला माझा इलाज नाही. मी कोट उचलला, झटकला आणि खिशांत हात घातला.

डाव्या खिशात पाच खडे होते. उजव्यात एक खडा, आणि एक पेपरमिंटची गोळी.

२

हे खडे काय ते सांगायला हवं. दादाकडे नदीतले सहा गुळगुळीत खडे आहेत. ओव्हर सुरू होताना सहाही एका खिशात. प्रत्येक बॉलनंतर एक खडा उचलून दुसऱ्या खिशात. पहिला खिसा रिकामा झाला की ओव्हर संपली. पुढच्या वेळी उलटा प्रवास. बोटात धरून टिकटिक करायचं यंत्र माझ्या मुलाने त्याला वाढदिवसाला आणून दिलं होतं, ते त्याने घड्याळाशेजारी शोभेला ठेवलंय.

मी तिथेच खुर्चीत बसले. पाच बॉल टाकले, पाच खडे डावीकडे गेले, एक उजवीकडे उरला. म्हणजे खिशाने बरोबर मोजलं होतं! खिसा फाटलेला नाही, खडा हरवलेला नाही. दादाच्या बोटांना केसाएवढी काच जाड-बारीक कळायची. त्या बोटांना खिशात खडा असल्याचं कळत होतं, तरी तोंडाने ‘ओव्हर’ म्हटलं.

मी आत गेले. “दादा, खडा उरला होता.”

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. “असेल.”

“असेल काय! तुला माहीत होतं.”

“तुला कुणी विचारलंय का?” तो म्हणाला. “कुणी अपील केलं नाही तर अंपायरने बोट वर करायचं नसतं. माणूस ढळढळीत बाद असला तरी. नियम आहे.”

“मी अंपायर नाही,” मी म्हटलं. “मी बहीण आहे.”

तेवढ्यात आमचे चिरंजीव आले. मामासाठी थर्मासमधून चहा घेऊन. वय बत्तीस, औषधं विकतो, आणि गेली चार वर्षं मामाच्या हाताखाली अंपायरिंग शिकतो. फायनलला दुसरा अंपायर तोच होता. शेवटची ओव्हर चालू असताना तो स्क्वेअर लेगला, म्हणजे बॅट्समनच्या बाजूला उभा होता. बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. खडे पाहिले, गोळी पाहिली, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “आई, तू मनावर घेतलंच आहेस तर डॉक्टरला विचार. चहाच्या वेळेला त्याने मामाच्या खिशात हात घातलेला मी पाहिलाय.”

मी चपला घातल्या. त्याने स्कूटर काढली.

३

डॉक्टर म्हणजे जिंकलेल्या संघाचा कप्तान, दातांचा डॉक्टर. एका बाईच्या तोंडात कापूस कोंबून तो माझ्याशी बोलायला बाहेर आला.

“घातला हात. नाही कशाला म्हणू?” त्याने कोटाच्या खिशातून पेपरमिंट काढून माझ्यापुढे धरलं. “सगळ्यांच्या खिशात टाकतो. दादांच्याही टाकली.”

“दातांचा डॉक्टर गोळ्या वाटतो?”

“धंदा आहे, ताई.” तो हसला. मग हसणं आवरलं. “मला तो कप असा नको होता. मी मंडळाला म्हटलं, सामना परत खेळवा. ते म्हणाले, नियमात बसत नाही. माझी बायकोसुद्धा माझ्याकडे चोरासारखी बघते.”

बाहेर स्कूटरवर चिरंजीव उत्सुक होते. “काय म्हणाला? कबूल झाला?”

“गोळी टाकली म्हणाला.”

“मग झालं की! मामा गोंधळला. गोळीलाच खडा समजला.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. हुशार मुलगा, पण कधीकधी अगदीच बापावर जातो. “अरे, डोकं चालव. ज्या खिशातले खडे संपायचे, त्यात एक वस्तू जास्त पडली तर खिसा उशिरा रिकामा होईल. ओव्हर सात बॉलची होईल. पाचची कशी होईल?”

“दुसऱ्या खिशात टाकली असेल.”

“दुसऱ्या खिशाकडे तो बघतच नाही. रिकामा होतो तो खिसा मोजतो. तुलाच तर शिकवलंय त्याने.”

चिरंजीवांनी किक मारली. वाटेत एकदाही मागे वळून बोलले नाहीत. मला वाटलं, आपण त्याला भर रस्त्यात मूर्ख ठरवलं म्हणून रुसला.

४

पेंटर एका नव्या दुकानाच्या पाटीवर अक्षरं रंगवत होता. हरलेल्या संघाचा कप्तान, आणि शेवटच्या बॉलला बॅट हातात असलेला माणूसही तोच. शिडीवरून उतरायला तयार नव्हता, म्हणून मी खालीच, मान वर करून, उभी राहिले आणि चिरंजीव पलीकडे स्कूटरपाशी थांबले.

“पाचवा बॉल मी सोडून दिला, ताई,” तो वरून म्हणाला. “बाहेर जात होता. हात लावला असता तर कीपरकडे कॅच. म्हटलं, एक बॉल आहे ना अजून हातात. सरळ येईल, मारू. बॅट टेकवून उभा राहिलो, आणि बघतो तर हे नाचायला लागले.” ब्रश डब्यात आपटला. “बाद झालो असतो तर झोप लागली असती.”

“दादा विकला गेला असं तूही म्हणतोस?”

त्याने ब्रश पुन्हा उचलला. “नाही म्हणत. दादांनी मला माझ्याच लग्नाच्या आदल्या दिवशी शून्यावर बाद दिलंय, आणि बरोबर दिलंय. पण वय झालं हो त्यांचं. या सीझनला आणखी दोनदा झालं हे. लीगच्या एका सामन्यात, मग सेमीफायनलला. दोन्ही वेळा पाच बॉलची ओव्हर. तेव्हा निकालावर काही फरक पडला नाही, म्हणून कुणी बोललं नाही.”

मला हे नवीन होतं. “एरवी?”

“एरवी घड्याळ! मे महिन्यात स्टेशनमास्तर दुसरे अंपायर होते, तेव्हा सलग तीन सामने केले, एक बॉल इकडचा तिकडे नाही.”

“आणि ज्या दोनदा चुकले, तेव्हा दुसरा अंपायर कोण होता?”

“तुमचाच मुलगा की.” पेंटरने पलीकडे स्कूटरकडे ब्रश दाखवला. “फार चांगलं पोरगं. दोन्ही वेळा मामाच्या खांद्यावर हात टाकून मैदानाबाहेर घेऊन गेला. ‘होतं मामा, वय होतंय’ म्हणत होता. माझा भाचा मला विचारत नाही.”

खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या मुलाचा अभिमान वाटला.

५

शेवटची ओव्हर टाकणारा बोलर बस चालवतो. डेपोत तो आपल्या बसच्या पायरीवर डबा खात बसला होता. चिरंजीव म्हणाले, “आई, ऊन फार आहे, घरी जाऊ. याला काय विचारायचंय? हा तर बॉलही मोजत नाही.”

“मोजत नाही तेच विचारायचंय,” मी म्हटलं. “तू सावलीत थांब.”

ड्रायव्हर खरंच मोजत नव्हता. “मी धावत येतो आणि टाकतो, ताई. मोजायला लागलो तर पाय चुकतो. दादा सांगतात. शेवटचा बॉल राहिला की मी बाजूने जाताना हळूच म्हणतात, ‘शेवटचा.’ मलाच ऐकू येईल असं.”

“परवा कधी म्हणाले?”

“माझे चार झाल्यावर. म्हणजे ते आता कळतंय, लोकांनी मोजून सांगितल्यावर.”

मी बोटांवर मोजलं. चार बॉल झाल्यावर दादाच्या उजव्या खिशात दोन खडे होते. खिशावर विश्वास असता तर त्याने ‘शेवटचा’ म्हटलंच नसतं. म्हणजे खिसा खोटा आहे असं त्याने आधीच ठरवलं होतं. कुणाच्या शब्दावर?

“त्याच्या आधी काही केलं त्यांनी? नीट आठव. डबा राहू दे.”

ड्रायव्हरने घास खाली ठेवला. “त्याच्या आधीच्या बॉलला जरा थांबले होते. मी परत माझ्या खुणेवर निघालो होतो. बघतो तर दादांचा हात खिशात, आणि नजर तिकडे, स्क्वेअर लेगला. पुटपुटले, ‘दोनच?’ असं काहीतरी. मग मान हलवली. मला वाटलं, माझ्या धावांबद्दल बोलतायत.”

तिसऱ्या बॉलनंतर, ‘दोनच?’

दोन अंपायर एकमेकांना खुणेने सांभाळतात. ओव्हरचे चार बॉल झाले की लेगचा अंपायर छातीवर दोन बोटं ठेवतो, म्हणजे दोन उरले. ही खूण शिकवताना मी स्वतः पाहिली आहे. माझ्याच अंगणात, दोन स्टूल स्टंप म्हणून मांडून, मामा एका टोकाला आणि भाचा दुसऱ्या. दादा म्हणत होता, “माझा हिशोब आणि तुझी खूण जुळली नाही, तर मी थांबेन. तुझे डोळे तरुण आहेत.”

मी वळून पाहिलं. चिरंजीव सावलीत उभे होते, माझी छत्री आणि पाण्याची बाटली हातात धरून. मला पाहून हसले. मग माझा चेहरा पाहिला आणि हसणं थांबलं.

६

“तीनच बॉलनंतर दोन बोटं दाखवलीस,” मी म्हटलं. “आधीही दोनदा तेच केलंस. डॉक्टरकडे मला तूच पाठवलंस.”

तो आधी चिडला. मग म्हणाला, डोळ्यांवर ऊन होतं. मग म्हणाला, ड्रायव्हर खोटारडा आहे. खोटे दावेवाले असेच तीन पायऱ्या उतरतात, चौथ्या पायरीवर रडतात. तो रडला. डेपोच्या भिंतीला टेकून, बसच्या धुरात, एवढा मोठा घोडा.

“मी सामना विकला नाही, आई. तुझी शपथ. कुणीही जिंको, मला काय त्याचं! वरच्या पॅनलवर, म्हणजे मोठ्या सामन्यांना, आपल्या लीगमधून एकच अंपायर घेतात. ती जागा मामाची, आणि तो उठतच नाही. पंचाहत्तरीला आला. मी चार वर्षं लेगला उभा आहे. मला वाटलं, दोन-तीनदा चूक झाली की स्वतःहून सोडेल. सेमीफायनलनंतर सोडणारही होता. मग म्हणाला, फायनल करतो आणि थांबतो. पण दुसऱ्या दिवशी बदलला, म्हणाला, पुढच्या वर्षी डोळे तपासून घेतो.”

“म्हणून फायनल?”

“शेवटची ओव्हर असेल, दोन धावा हव्या असतील, असं मला कुठे माहीत होतं! सवयीने हात वर गेला.”

सवयीने. माणसाला स्वतःच्या खिशावर अविश्वास दाखवायला लावायचं, वर खांद्यावर हात टाकून ‘वय होतंय’ म्हणायचं, आणि थर्मासमधून चहा न्यायचा. मला त्याच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. मी मारलं नाही. मी रिक्षा केली आणि एकटी दादाकडे गेले.

दादा उठून बसला होता. मी बोलायच्या आधीच त्याने माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“बेल्स उचलल्यावर. खिशात हात गेला. खडा होता. पहिल्या दोन वेळी वाटलं, खडा टाकायला मीच विसरलो. महिनाभर रात्री उठून मोजत बसायचो. तिसऱ्या वेळी मी विसरलो नव्हतो. त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने नजर खाली घातली.”

“उद्या बैठकीत मी सांगणार.”

“सांगू नकोस.”

“मी सांगणार, दादा.”

७

मी सांगितलं. पॅव्हेलियनच्या त्या लांब खोलीत, जुन्या विजेत्यांच्या पाट्यांखाली, अध्यक्ष, डॉक्टर, पेंटर, सगळ्यांसमोर. खडे टेबलावर मांडले. गोळी का निर्दोष ते सांगितलं. तिन्ही चुकांच्या वेळी लेगला कोण होतं ते सांगितलं. ड्रायव्हरने उभं राहून ‘दोनच?’ची गोष्ट सांगितली. स्वतःच्या पोटच्या पोराचं नावही घेतलं.

अध्यक्षांनी चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीव टेबलाकडे बघत होते.

दादा उठला. कडक इस्त्रीचा कोट अंगात होता.

“बहीण आहे माझी,” तो म्हणाला. “भावाला वाचवायला आली आहे. तिच्या जागी मी असतो तर मीही असंच काहीतरी जुळवलं असतं. पोराने खूण चौथ्या बॉलनंतरच केली. बरोबर केली. ड्रायव्हर मोजत नाही, त्याला तिसरा काय, चौथा काय! मी खडा टाकायला विसरलो आणि विसरल्याचंही विसरलो. वय झालं.”

“दादा!” मी ओरडले.

“मैदानात काय झालं ते अंपायर सांगतो,” दादा अध्यक्षांना म्हणाला. “नियम आहे ना?”

अध्यक्षांनी मान हलवली. सुटल्यासारखी हलवली. मामाने भाच्याला सोडवलं, म्हाताऱ्याने स्वतःहून जागा सोडली, कुणाला काही करावं लागलं नाही. पेंटर उठून बाहेर गेला. दादाने कोट काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. चिरंजीवांनी एक शब्द काढला नाही. एकच शब्द पुरला असता.

मी अपील केलं होतं. दादाने नाबाद दिलं.

पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. “का? त्याने तुला वेडं ठरवायला घेतलं होतं! आणि तू मला खोटी ठरवलंस, सगळ्यांदेखत!”

“मी आज ना उद्या जाणारच होतो,” तो म्हणाला. “तुला त्याच्याबरोबर एका घरात राहायचंय.”

वरच्या पॅनलवर चिरंजीवांची निवड झाली. नवा कोट शिवला, माझ्याकडे इस्त्रीला दिला नाही. पहिल्या सामन्याला निघण्याआधी मामाच्या पाया पडायला गेले, तेव्हा मी तिथेच होते. दादाने खड्यांची डबी उघडली आणि खडे त्याच्या हातात दिले. चिरंजीवांनी तिथेच मोजले. पाच होते.

त्यांनी मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बैठकीनंतर टेबलावरचा सहावा मी उचलला होता. तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, चहाच्या डब्याशेजारी, सहज दिसेल असा. आम्ही मायलेक रोज तिथेच चहा घेतो. त्याने तो अजून मागितलेला नाही.